आकसणारी बाटली, टिकणारे पेय

सीलबंद बाटलीतले पेय महिनोन्‌महिने टिकते आणि तीच बाटली एकदा उघडली की दोन-चार दिवसांत बेचव होते. याचे मोठे कारण बाटलीत नव्याने तयार झालेल्या रिकाम्या जागेत असते. भरलेल्या बाटलीत झाकणाखाली बोटभर जागा मोकळी असते. एक लिटर रसातला अर्धा लिटर पेल्यात ओतला की तेवढीच हवा बाटलीत शिरते, कारण कडक भिंतींच्या भांड्यातून हवा आत गेल्याशिवाय द्रव बाहेर पडूच शकत नाही. झाकण घट्ट लावले तरी ती हवा आतच राहते आणि आपले काम करीत राहते.

हे काम किती मोठे, हे आकड्यांनी नीट कळते. हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. अर्धा लिटर हवेत तो जवळपास १४० मिलिग्रॅम भरतो. उलट २५ अंश तापमानाला हवेच्या सान्निध्यातल्या एक लिटर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळून राहतो, म्हणजे उरलेल्या अर्ध्या लिटरात ४. वरच्या पोकळीतला साठा त्याच्या पस्तीसपट झाला. रसात विरघळलेला ऑक्सिजन ‘क’ जीवनसत्त्वाशी आणि सुगंधी तेलांशी संयोग पावून संपतो, तशी त्याची भरपाई पोकळीतून होत राहते. अर्धा लिटर संत्र्याच्या रसात साधारण दीडशे ते अडीचशे मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असते, आणि ते सगळे नाहीसे करायला पोकळीतला ऑक्सिजन पुरून उरतो. थंड जागी ही क्रिया सावकाश होते, उन्हाळ्यात झपाट्याने. वर्धा जिल्ह्यात कारंजा, आर्वी, आष्टी हे तालुके संत्र्याचे आहेत आणि मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा हा हिशेब इथे नुसता कागदावरचा राहत नाही.

यावरचा उपाय ऐकायला सोपा आहे: पेय जितके कमी होईल तितके भांडेही लहान व्हावे. आत पोकळीच राहिली नाही तर हवेला थारा कुठला? आकसणाऱ्या बाटलीची सगळी कल्पना एवढ्यावर उभी आहे. काही बाटल्यांच्या भिंतींना भात्यासारख्या चुण्या असतात आणि पेय ओतल्यावर त्या दाबून बाटली बुटकी करता येते. काहींची कडी एकमेकांत सरकतात. काहींत बाहेर कडक कवच आणि आत मऊ पिशवी असते, आणि तोटीपाशी एकाच दिशेने उघडणारी झडप. पेय बाहेर येते, पिशवी चिकटत जाते, हवा मात्र पिशवी आणि कवच यांच्या मधल्या जागेत भरते. त्यामुळे बाटली बाहेरून भरलेलीच दिसते. जपानमध्ये २०१० च्या सुमारास सोया सॉस अशा दुहेरी भिंतीच्या बाटल्यांतून आणि झडप असलेल्या पिशव्यांतून विकला जाऊ लागला. हवा लागली की काळवंडणारा आणि वास बदलणारा हा पदार्थ अशा भांड्यात उघडल्यानंतरही फ्रीजबाहेर महिनोन्‌महिने चांगला राहतो.

कल्पना त्याहून बरीच जुनी आहे. अमेरिकी चित्रकार जॉन गॉफ रँड यांनी १८४१ मध्ये तैलरंगासाठी दाबून चपटी होणाऱ्या धातूच्या नळीचे पेटंट घेतले. रंग वाळू नये म्हणून हवा बाहेर ठेवणे हाच तिचा हेतू होता, आणि टूथपेस्टची ट्यूब तिचीच वंशज. १९५५ मध्ये विल्यम शोल या अमेरिकी रसायनतज्ज्ञाने खोक्यात बसवलेली प्लॅस्टिकची पिशवी तयार केली. ती बॅटरीचे आम्ल सुरक्षित ओतता यावे यासाठी होती. दहा वर्षांनी, १९६५ मध्ये, ऑस्ट्रेलियात टॉमस अँगोव्ह यांनी तीच रचना द्राक्षाच्या वाइनसाठी वापरली. आज शीतपेयांच्या यंत्रामागे पाक ठेवलेला असतो तो अशाच खोक्यातल्या पिशवीत.

विदर्भाला मात्र आकसणारे भांडे शिकवायला कोणाला बाहेरून यावे लागले नाही. रेड्याच्या पाठीवर लादलेली चामड्याची पखाल आणि खांद्यावरची मशक ही दोन्ही भांडी पाणी ओतले जाईल तशी खाली बसत. त्यांचे तोंड बांधलेले असले तरी पाण्याची धार अडत नसे, कारण आत हवा जाण्याची गरजच नव्हती. रिकामी पखाल घडी घालून नेता येई, रिकामी घागर काही घडी होत नाही. चामड्याचा वास पाण्याला येई हा तिचा दोष. अस्पृश्यतेच्या काळात पखालीचे पाणी कोणाला चालते आणि कोणाला नाही, यावरून माणसामाणसांत भिंती उभ्या राहिल्या, हेही या भांड्याच्या इतिहासातून वगळता येत नाही.

छागळ हे याच घराण्यातले अधिक साधे आणि अधिक हुशार भांडे. जाड कॅनव्हासची पिशवी, एका कोपऱ्याला लाकडी किंवा धातूचे तोंड, त्यात बूच, आणि अडकवायला दोरी. बैलगाडीच्या दांड्याला, जीपच्या पुढच्या बाजूला, रेल्वेच्या खिडकीच्या गजाला छागळ लटकलेली असे. नवी छागळ सुरुवातीला गळते. धागे भिजून फुगले की विणीतली छिद्रे बुजतात आणि मग पाणी नुसते पाझरते. त्या पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना उष्णता आतल्या पाण्यातून खेचली जाते. १०० ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४० किलोज्यूल उष्णता लागते. ती सगळी आतल्या दहा लिटर पाण्यातून गेली, तर ते जवळपास ६ अंशांनी थंड होईल. प्रत्यक्षात बाहेरची हवा थोडी उष्णता परत देतच राहते, पण वैशाखातल्या कोरड्या वाऱ्यात वाफ इतकी भराभर होते की छागळच जिंकते. पावसाळ्यात दमट हवेत ती फारशी उपयोगाची नाही. मातीचा माठही याच तत्त्वावर चालतो, पण माठ प्रवासाला नेता येत नाही आणि फुटला की संपला. वीज आणि बर्फ यांच्याशिवाय पाणी थंड ठेवणारे, घडी होणारे आणि वर्षानुवर्षे वापरता येणारे हे भांडे मागे पडले, ही खेदाची गोष्ट आहे. त्याच्या जागी आलेली विकतची बाटली उन्हात तासाभरात गरम होते आणि रिकामी झाली की रस्त्याकडेला पडते.

पाण्याला हवेचे भय नाही. इतर पेयांची गोष्ट वेगळी, आणि प्रत्येकाची आपापली.

सोड्याचा किंवा कोलाचा जीव त्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये असतो. हा वायू पेय आणि वरची पोकळी यांच्यात वाटला जातो. २५ अंशांना बाटली अर्धी रिकामी असेल तर आत उरलेल्या वायूपैकी निम्म्याहून थोडा अधिक वायू शेवटी पोकळीत जाऊन बसतो. पेय पावभरच उरले असेल, तर तीन चतुर्थांशांहून जास्त. झाकण पुन्हा उघडले की तो फुस्स करून निघून जातो आणि वाटणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. बाटली फ्रीजमध्ये ठेवली तर थंड पाण्यात वायू जास्त विरघळत असल्याने नुकसान कमी होते. अनेक घरांत अर्धी बाटली हाताने चेपून मग झाकण लावतात. हेतू बरोबर असला तरी उपाय टिकत नाही, कारण साधी बाटली आतल्या वायूच्या दाबाने पुन्हा फुगते आणि पोकळी होती तेवढी होते. सोड्यासाठी आकसणारी बाटली हवी असेल तर ती आकसलेल्या अवस्थेत खिळून राहणारी, दाब सोसणारी हवी. भात्याच्या मऊ चुण्या इथे हरतात. गोटी सोड्याची जुनी काचेची बाटली मात्र या अडचणीत कधी सापडलीच नाही, कारण ती फोडली की एका दमात संपवायची असते.

संत्र्याच्या रसाला आकसणारे भांडे खरोखर उपकारक आहे, तरी एका मर्यादेपर्यंत. नागपुरी संत्र्याचा रस काढल्यावर काही तासांत कडवट होतो, हे या भागातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. तो कडूपणा हवेमुळे येत नाही. संत्र्याच्या बिया आणि पाकळीचा पापुद्रा यांतला एक चवहीन घटक आंबट रसात हळूहळू लिमोनिन या कडू पदार्थात बदलतो. पिशवीतली हवा शेवटच्या बुडबुड्यापर्यंत काढली तरी हे थांबत नाही. बिया न चिरडता रस काढणे आणि तो लगेच पिणे हाच घरगुती उपाय. या रसाचा मोठा कारखाना उभा करणे अवघड का गेले, याचे एक कारण इथे आहे.

दुधाचे नासणे तर प्रामुख्याने जिवाणूंमुळे असते, आणि दूध आंबवणारे बरेच जिवाणू हवेवाचून मजेत वाढतात. हवा काढून टाकल्याने दूध वाचत नाही. ते वाचते पाश्चरीकरणाने आणि ४ अंशांच्या आसपासच्या थंडाव्याने. तरीही दुधाची पिशवी हे आकसणाऱ्या भांड्याचे सर्वांत यशस्वी उदाहरण ठरले. भरताना ती हवेशिवाय भरता येते, आणि अर्ध्या लिटरची पिशवी एकाच वेळी पातेल्यात रिकामी होत असल्याने उघड्या पोकळीचा प्रश्नच उरत नाही. तिचा आणखी एक गुण क्वचितच बोलला जातो. आत काही बिघडून वायू तयार झाला तर मऊ पिशवी टम्म फुगते आणि गिऱ्हाईक ती परत करते. कडक बाटली हे गुपित झाकण उघडेपर्यंत पोटात ठेवते.

टिकवायला सर्वांत कठीण पेय कोणते, तर नीरा, म्हणजे ताड-शिंदीचा न आंबलेला रस, आणि तिचा वर्ध्याशी जवळचा संबंध आहे. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत, मगनवाडीत, त्याचे केंद्र उभे राहिले आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहू लागले. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या यांच्याबरोबर ताड-शिंदीच्या रसाचा गूळ हाही तिथल्या प्रयोगांचा विषय होता. ताडी म्हणून नशेत जाणारा रस गोड असतानाच अन्न म्हणून वापरता यावा, अशी गांधीजींची इच्छा होती. अडचण एकच होती, वेळेची. झाडावरून ठिबकणाऱ्या रसात दहा टक्क्यांहून अधिक साखर असते आणि यीस्ट हवेतून, मडक्यातून, झाडाच्या कापातून त्यात पोचलेलेच असते. रात्री मडके बांधायचे, त्याला आतून चुन्याचा हात द्यायचा म्हणजे रस अल्कधर्मी राहून आंबणे लांबते, आणि सूर्य वर येण्याआधी मडके उतरवायचे. तेवढे करूनही ऊन चढले की काही तासांत नीरेची ताडी होते.

इथे आकसणारी बाटली काहीच करू शकत नाही, उलट धोका वाढवते. यीस्टला साखरेचे मद्य करायला हवा लागत नाही, आणि त्या क्रियेत कार्बन डायऑक्साइड भरपूर निघतो. हवा काढून घट्ट बंद केलेली नीरेची पिशवी काही तासांत फुगते आणि शिवणीपाशी फुटते. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी असल्याने आंबलेली नीरा म्हणजे चवीपुरते नुकसान नव्हे, कायद्याचाही प्रश्न आहे. मगनवाडीने धरलेली वाट वेगळी होती: रस उतरवल्यावर तो तिथेच चुलाणावर चढवायचा आणि आठ-दहा लिटरांचा किलोभर गूळ करायचा. ज्या गावात माल पिकतो त्याच गावात त्याला टिकाऊ रूप द्यायचे, हा कुमारप्पांचा आग्रह भांड्याच्या शोधाहून अधिक मूलगामी होता. पेय टिकवण्याच्या चर्चेत भांड्याकडे सगळे लक्ष जाते. नीरेने दाखवून दिले की काही पेयांना उत्तम भांडे नव्हे, कमी अंतर लागते.

आकसणाऱ्या भांड्याचे तत्त्व ज्या ठिकाणी अत्यंत काटेकोरपणे पाळले जाते ते ठिकाण म्हणजे रुग्णालय. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयाला जोडून १९६९ मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. त्या काळात सलाईन काचेच्या बाटलीतून देण्याची पद्धत सर्वत्र होती. बाटली कडक असल्याने थेंब पडत राहावेत म्हणून तिला हवा आत घेणारी दुसरी सुई टोचावी लागे. म्हणजे खोलीतली हवा, तिच्यातल्या धुळीसह आणि जंतूंसह, थेट रुग्णाच्या शिरेत जाणाऱ्या द्रवावर येऊन बसे, म्हणून गाळणीची काळजी घ्यावी लागे. मऊ पिशवीने ती सुई अनावश्यक केली. द्रव उतरतो तशी पिशवी आपोआप मिटते, आणि बाहेरचे काहीही आत जात नाही. आपल्याकडे अजूनही वापरात असलेल्या अर्धवट कडक प्लॅस्टिक बाटल्या पूर्ण मिटत नाहीत. धार मंदावली की त्यांना सुई टोचण्याची सवय सुटलेली नाही, आणि मऊ पिशवीचा सगळा फायदा त्या एका भोकातून निघून जातो.

रक्ताची पिशवी तर वाया जाणे कमी करण्याचा याहून मोठा दाखला आहे. कार्ल वॉल्टर आणि विल्यम मर्फी यांनी १९५० च्या सुमारास अमेरिकेत ती विकसित केली. त्याआधी रक्त काचेच्या बाटलीत साठवत, ती जड, फुटणारी आणि आत पोकळी ठेवणारी. प्लॅस्टिकच्या पिशवीला नळ्यांनी आणखी रिकाम्या पिशव्या जोडता येतात. रक्त यंत्रात फिरवून थरांत वेगळे करायचे आणि मुख्य पिशवी दाबून वरचा थर हवेचा स्पर्श न होऊ देता शेजारच्या पिशवीत सरकवायचा. तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट वेगवेगळ्या रुग्णांना देता येतात. एका दात्याचे रक्त तिघांच्या कामी येते ते मुख्यतः भांडे मऊ आहे म्हणून.

घरगुती वापराच्या घडीच्या बाटल्या घेताना मात्र जाहिरातीतला एक घोटाळा ओळखायला हवा. घडी होणारी बाटली आणि पेय ताजे ठेवणारी बाटली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवासासाठी विकल्या जाणाऱ्या बहुतेक घडीच्या बाटल्या सिलिकॉनच्या असतात. सिलिकॉन उकळता येते, वास धरत असले तरी विषारी नाही, आणि हजारदा घडी घातली तरी चिरत नाही. पण त्यातून ऑक्सिजन आरपार जातो, साध्या पाण्याच्या बाटलीच्या पेट प्लॅस्टिकच्या तुलनेत हजारो पटींनी. पाण्यासाठी ती उत्तम, रस टिकवायला निरुपयोगी. ऑक्सिजन खरोखर अडवायचा तर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा किंवा खास रोधक प्लॅस्टिकचा थर मध्ये घालावा लागतो, आणि असे थर पुन्हा पुन्हा दुमडले की घडीच्या रेषेवर सूक्ष्म भेगा पडतात. वर चुण्यांचा आणखी एक त्रास: त्यांच्या खाचांत दूध, ताक, सरबत अडकते. बाटलीचा ब्रश तिथे पोचत नाही. आत बोट किंवा कापड न पोचणारी बाटली पाण्यापलीकडे कशालाही वापरू नये.

कचऱ्याचा हिशेबही असाच दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो. एक लिटरची काचेची बाटली अर्धा किलोच्या आसपास भरते, पेटची २० ते २५ ग्रॅम, आणि अर्धा लिटर दुधाची पिशवी सुमारे ३ ग्रॅम. काचेची बाटली रिकामी झाली तरी परतीच्या गाडीत भरलेल्या बाटलीएवढीच जागा खाते. पिशव्यांची चळत मात्र हातात मावते. दुधाची पिशवी एकाच प्रकारच्या प्लॅस्टिकची असल्याने धुऊन, वाळवून दिली तर भंगारवाला ती घेतो. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीच्या अधिसूचनेत ५० मायक्रॉनहून जाड दूधपिशव्यांना सूट देताना त्या किमान ५० पैशांना परत घेण्याची अट घातली, तीही पिशवी गोळा होऊ शकते म्हणूनच. पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण वेगळा न करता लटकता ठेवला पाहिजे. तो नखाएवढा तुकडा कोणाच्याही हाती लागत नाही आणि नालीतून पुढे नदीत जातो.

ज्या पिशव्या पेय सर्वाधिक टिकवतात त्यांची स्थिती उलटी आहे. रोधक थर, ॲल्युमिनियम आणि पॉलिथिन एकमेकांना चिकटवलेले असल्याने ते वेगळे करणे परवडत नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये उत्पादकांवर वेष्टनांची जबाबदारी टाकणारे नियम केले, तेव्हा कडक प्लॅस्टिक, लवचीक प्लॅस्टिक आणि प्लॅस्टिकेतर थर असलेली वेष्टने अशी वेगवेगळी वर्गवारी करावी लागली, ती याच अडचणीमुळे. पाच लिटर रस एका मोठ्या आकसत्या पिशवीतून वापरला आणि वाया काहीच गेले नाही, तर त्या न सुटणाऱ्या थरांचा थोडा तरी मोबदला मिळतो, कारण फेकलेल्या रसामागे पाणी, खत, मजुरी आणि वाहतूक असते. तेच थर १०० मिलिलिटरच्या पाकिटाला वापरले तर उरतो निव्वळ कचरा.

पुन्हा वापरायच्या घडीच्या बाटलीलाही तिचे वजन फेडावे लागते. १५० ग्रॅमची सिलिकॉनची बाटली सहा-सात पेट बाटल्यांएवढा माल खाते. पाण्याच्या सात बाटल्या टाळल्यानंतर ती फायद्यात येते आणि नंतरच्या प्रत्येक भरण्यागणिक तो फायदा वाढतो. सिलिकॉन गोळा करून पुन्हा वापरात आणण्याची सोय छोट्या गावांत नाही, म्हणून ती घेणाऱ्याने झाकणाचे वायसर सुटे मिळते की नाही हे आधी पाहावे. अशा बाटल्या बहुधा भिंतीपाशी नव्हे तर झाकणापाशी निकामी होतात.